चार्जर लावला की लॅपटॉप आपोआप चालू होतो? दुकानात जायच्या आधी हे तपासा

लॅपटॉप व्यवस्थित शट डाऊन केलाय, सगळे दिवे विझलेत, आणि चार्जरची पिन लावली की साहेब स्वतःहून जागे. पॉवर बटणाला हातसुद्धा लावलेला नसतो. मग ओळखीत जो कोणी "कॉम्प्युटरवाला" असेल त्याला फोन जातो, अरे व्हायरस आलाय का बघ जरा. व्हायरसचा इथे संबंध नाही, लॅपटॉप पूर्ण बंद असताना विंडोजच चालू नसतं तर त्यातला व्हायरस कुठून चालणार. बहुतेक वेळा ही बायोसमधली, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरमधली, एक साधी सेटिंग असते, काही वेळा लॅपटॉप मुळात बंदच झालेला नसतो, आणि थोड्याच केसेसमध्ये खरंच बटण, पिन नाहीतर बोर्ड (मदरबोर्ड) गेलेलं असतं. दुकानात मात्र बऱ्याचदा सुरुवात बोर्डापासून होते, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून खालचा क्रम तसाच पाळा, फुकटात होणाऱ्या गोष्टी आधी आणि स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट आधी समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. लॅपटॉप बंद केला तरी त्यातली एक छोटी चिप जागीच असते, तिला एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात, रिपेअरवाले नुसतं ईसी म्हणतात. सोसायटी झोपली तरी गेटवर वॉचमन बसलेला असतो तसं तिचं काम. पॉवर बटण दाबलं का, चार्जर लागला का, झाकण उघडलं का, बॅटरी किती आहे, हे सगळं ती बघत असते आणि ठरलेल्या गोष्टी घडल्या की बाकीच्या मशीनला उठवते. म्हणजे आपला प्रश्न एवढाच आहे की चार्जर लागल्यावर उठवायचं असं तिला कोणी सांगून ठेवलंय, की तिला चुकीचा सिग्नल मिळतोय.

लॅपटॉप खरंच बंद होता का, हे आधी ठरवा

ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग दिवसभर भलत्याच ठिकाणी शोधत बसतात. झाकण बंद करणं म्हणजे शट डाऊन नाही, ते स्लीप. आणि विंडोज ८ पासून म्हणजे २०१२ पासून फास्ट स्टार्टअप नावाची भानगड आहे, त्यात तुम्ही शट डाऊन केलं तरी विंडोजचा आतला भाग डिस्कवर सेव्ह करून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो, म्हणजे अर्धं हायबरनेटच (हायबरनेट म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं). बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे आधीपासूनच ऑन असतं. रिस्टार्टला मात्र हे लागू होत नाही, रिस्टार्ट नेहमी पूर्णच होतो.

टेस्ट अशी करा. सगळं सेव्ह करा, चार्जर काढा, माऊस, पेनड्राइव्ह, लॅनची म्हणजे इंटरनेटची वायर, डॉक (एका वायरीने मॉनिटर, माऊस वगैरे जोडायचा डबा), जे काही लावलंय ते सगळं काढा. मग स्टार्टमध्ये जाऊन पॉवर उघडा, कीबोर्डवरची शिफ्ट दाबून धरा आणि ती धरूनच शट डाऊनवर क्लिक करा. शिफ्ट धरली की त्या एका वेळेपुरतं फास्ट स्टार्टअप बाजूला राहतं आणि मशीन खरोखर बंद होतं. पंखा थांबू दे, पॉवरचा दिवा जाऊ दे, वर एखादा मिनिट जाऊ दे. आता झाकण उघडं ठेवूनच चार्जर लावा आणि स्क्रीनवरून नजर हलवू नका, कारण पहिल्या पाच-सात सेकंदात काय दिसतं त्यावर पुढचा रस्ता ठरतो.

कंपनीचा लोगो आला, खाली ठिपके गोल फिरायला लागले, म्हणजे मशीन नव्याने बूट झालं. हे बायोसचं किंवा हार्डवेअरचं काम, विंडोजमध्ये शोधून काही सापडणार नाही, सरळ बायोसच्या भागाकडे जा.

शिफ्ट धरून बंद केल्यावर काहीच होत नाही पण रोज नेहमीसारखं झाकण पाडून ठेवता तेव्हा होतं, आणि उठल्यावर सरळ लॉक स्क्रीन येते, आत ब्राउझरचे टॅब जसेच्या तसे, म्हणजे तो झोपला होता, बंद नव्हता. विंडोजचा भाग वाचा.

नुसतं बॅटरीचं चित्र दोन-तीन सेकंद आलं आणि स्क्रीन परत काळी झाली, म्हणजे काहीही बिघडलेलं नाही. काही लॅपटॉप बंद असताना चार्जिंग सुरू झाल्याचं असं दाखवतात. चार्जिंगचा दिवा आणि पॉवरचा दिवा यातही गल्लत होते. पिनजवळचा पांढरा नाहीतर केशरी दिवा बहुतेक चार्जिंगचा असतो, पॉवरचा दिवा बटणावर किंवा बटणाशेजारी.

आणि पंखा फिरला, दिवा लागला, लगेच बंद झाला, परत लागला, असं चक्र सुरू झालं तर ते हार्डवेअर. खाली त्याचं वेगळं सांगितलंय.

आपल्याकडे अजून एक गंमत आहे. पिन लॅपटॉपला कायम खुपसलेली असते आणि भिंतीवरचं बटण चालू-बंद केलं जातं. लॅपटॉपच्या दृष्टीने बटण ऑन केलं काय आणि पिन लावली काय, दोन्ही सारखंच. लाइट जाऊन आली तरी त्याला चार्जर नव्याने लागला असंच वाटतं. त्यामुळे "रात्री तीनला आपोआप चालू झाला" अशी तक्रार असेल तर त्या रात्री लाइट गेली होती का हे शेजाऱ्यांना विचारा, फ्रीजवर घड्याळ असेल तर तेही बघा. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांना हे फारसं जाणवत नाही, ज्यांच्याकडे नाही आणि लाइट दर दोन तासांनी ये-जा करते त्यांचा लॅपटॉप दिवसातून कितीदाही उठू शकतो.

बायोसमधली ती सेटिंग

आधी एक काम करा, मग बायोसला हात लावा. तुमच्या मशीनवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू असेल, आणि नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर ते बऱ्याचदा तुम्हाला न विचारताच चालू असतं, तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कुठे आहे ते शोधून ठेवा. साधारणपणे ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, मोबाइलवरून लॉगिन करून बघता येते. एखादी पॉवरची सेटिंग बदलल्याने सहसा काही होत नाही पण बायोस अपडेट किंवा रीसेट केल्यावर निळ्या स्क्रीनवर ती की मागितली जाते आणि तेव्हा शोधाशोध करायची म्हणजे घाम फुटतो.

बायोसमध्ये जायची बटणं: डेल, एसर आणि एसूसमध्ये एफ२, एचपीमध्ये एफ१० (किंवा आधी एस्केप, मग मेनूतून एफ१०), थिंकपॅडमध्ये एफ१, लेनोवोच्या आयडियापॅडमध्ये एफ२ किंवा बाजूला असलेलं बारीक नोव्हो बटण. मशीन चालू केल्या केल्या टकटक दाबत राहायचं. जमत नसेल, आणि हल्लीची मशीन इतकी झटकन बूट होतात की जमत नाहीच, तर विंडोजमधून जा: सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, ॲडव्हान्स्ड स्टार्टअपसमोर रिस्टार्ट नाऊ, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. माऊस चालला तर ठीक, नाहीतर बाणाची बटणं आणि एंटर.

आता आत गेल्यावर काय शोधायचं. डेलमध्ये पॉवर किंवा पॉवर मॅनेजमेंटच्या खाली एसी बिहेवियर किंवा थेट वेक ऑन एसी असं लिहिलेलं असतं (एसी म्हणजे इथे चार्जरमधून येणारी वीज), टिक असेल तर काढा. थिंकपॅडमध्ये कॉन्फिग, मग पॉवर, तिथे पॉवर ऑन विथ एसी अटॅच, ते डिसेबल्ड पाहिजे. ही एकच सेटिंग हायबरनेटमधूनही मशीनला उठवते, त्यामुळे मी तर हायबरनेट केला होता असं म्हणणाऱ्यांनीही हीच बघा. एचपीच्या ऑफिस रेंजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबखाली पॉवरच्या पर्यायांमध्ये एसी डिटेक्टेड असे शब्द असलेली ओळ शोधा. शब्द मॉडेलप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतात पण एसी आणि वेक किंवा पॉवर ऑन हे दोन शब्द एका ओळीत दिसले की समजा मिळालं. बदललं की एफ१० ने सेव्ह करून बाहेर, डेलच्या नव्या बायोसमध्ये खाली अप्लाय किंवा एक्झिट बटण असतं.

त्याच पानावर असताना अजून दोन-तीन गोष्टी बघून घ्या. झाकण उघडलं की चालू होणे ही वेगळी सेटिंग असते, लेनोवोत फ्लिप टू बूट, डेल-एचपीत लिड ओपन असा काहीतरी उल्लेख असतो. लोक झाकण उघडतात, चार्जर लावतात, मशीन चालू होतं आणि बिल फाटतं चार्जरवर, खरा कर्ता झाकण असतं. म्हणून वरची टेस्ट झाकण आधीच उघडं ठेवून करायला सांगितली. मग ऑटो ऑन टाइम, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालू होणे, हे ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये कधीकधी कोणीतरी लावून ठेवलेलं असतं. आणि वेक ऑन लॅन, म्हणजे नेटवर्कवरून सिग्नल आला की मशीन उठणे. हे नीट समजून घ्या कारण यात चार्जरचा छुपा हात आहे: बऱ्याच लॅपटॉपमध्ये वेक ऑन लॅन फक्त चार्जर लागलेला असतानाच चालतं, बॅटरीवर ते झोपलेलं असतं. त्यामुळे लॅनची वायर कायम लावलेली असेल तर बॅटरीवर मशीन शांत आणि चार्जर लावला की थोड्या वेळाने उठलं असं चित्र दिसतं. चार्जर लागल्या लागल्या उठलं तर एसीची सेटिंग, काही मिनिटांनी उठलं तर लॅनवर संशय घ्या.

डॉक किंवा टाइप-सी मॉनिटर वापरणाऱ्यांसाठी: एकाच वायरीतून चार्जिंग, डिस्प्ले, लॅन, माऊस सगळं येतं, त्यामुळे वायर लावली म्हणजे चार्जरच लावला. डेलमध्ये तर डॉकवरून उठायची वेगळी सेटिंगच असते, वेक ऑन डेल यूएसबी-सी डॉक नावाची. ती मुद्दाम दिलेली आहे, डॉक जोडला की मशीन उठावं म्हणून. नको असेल तर काढा. मात्र डॉकची सवय असेल तर काढल्यावर रोज बटण दाबावं लागेल, तेव्हा आधी विचार करा.

मुळात अशी सेटिंग ठेवतातच कशाला असं कोणी विचारेल. दुकानात बिलिंगचं मशीन जुन्या लॅपटॉपवर चालवतात, घरी कोणी सीसीटीव्ही किंवा फाइल सर्व्हर म्हणून जुना लॅपटॉप कोपऱ्यात ठेवलेला असतो, त्यांना लाइट आली की तो स्वतःहून उठायला हवाच असतो. सेकंडहँड घेतलेला ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधीच्या मालकाच्या आयटीवाल्यांनी ती ऑन करून ठेवलेली असण्याची शक्यता भरपूर. सेकंडहँड मशीन घेतलं की बायोसमध्ये एक चक्कर मारायचीच, पासवर्ड वगैरे लावलेला असेल तर तेही तेव्हाच कळतं, पैसे देऊन झाल्यावर नाही.

घरगुती रेंजच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये बायोस इतका साधा असतो की तारीख, बूट ऑर्डर आणि पासवर्ड याच्यापलीकडे काही नाही. पर्यायच दिसत नसेल तर कंपनीच्या साइटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा बायोस अपडेट आहे का बघा, चार्जर लावून आणि बॅटरी भरलेली असतानाच अपडेट करा, आणि अपडेटच्या आधी बिटलॉकर सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरतं थांबवा.

रीसेट टू डिफॉल्ट करा असं सल्ले देणारे लोक सरसकट सांगतात. थांबा. डिफॉल्ट केल्यावर स्टोरेजचा मोड, म्हणजे एएचसीआय, रेड किंवा इंटेलचं व्हीएमडी, बदलू शकतो आणि मग विंडोज बूटच होत नाही, निळी स्क्रीन देऊन बसतं. करायचंच असेल तर आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नंतर जुळवून घेता येतं.

विंडोज कोणाचं नाव घेतंय ते बघा

हा भाग फक्त स्लीप आणि हायबरनेटवाल्यांसाठी. पूर्ण बंद मशीन कोणी चालू केलं हे विंडोजला कळतच नाही, त्यामुळे ते पूर्ण बंद होतं हे नक्की असेल तर इथे वेळ घालवू नका.

स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर. आता कमांड टाका, इंग्रजीत अर्थातच: पॉवरसीएफजी, एक स्पेस, तिरपी रेघ म्हणजे स्लॅश, आणि लास्टवेक एका शब्दात. शेवटचं कोणी उठवलं ते येतं. स्लॅशनंतर नुसतं ए टाकलं तर तुमच्या मशीनमध्ये कुठल्या प्रकारची झोप आहे ते कळतं. एस३ लिहून आलं तर जुन्या पद्धतीची खरी झोप. एस० लो पॉवर आयडल आलं तर मॉडर्न स्टँडबाय, म्हणजे मोबाइलची स्क्रीन बंद असते पण तो आत चालू असतो तो प्रकार, आणि अशा लॅपटॉपमध्ये चार्जर लावला की स्क्रीन उजळणं हे नेहमीचंच आहे. तो दोष नाही, बनवलाच तसा आहे. आवडत नसेल तर झाकण पाडल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट ठेवा: कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ. हायबरनेट यादीत दिसत नसेल तर बाजूच्या चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू मध्ये जाऊन चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल वर क्लिक करा, खाली टिक करायला मिळेल. फास्ट स्टार्टअपची टिकही तिथेच आहे, ती काढून दोन-चार दिवस बघा. बूट व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, एसएसडी असेल तर फरक जाणवणारही नाही.

लास्टवेकमधून काही कळलं नाही, आणि पुष्कळदा नुसताच शून्य येतो, तर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टम. उजवीकडे फिल्टर करंट लॉग आहे, तिथे १, २७, ४१, ४२ आणि १०७४ हे आकडे स्वल्पविराम देऊन टाका, नाहीतर हजारो ओळींत हरवाल. आता खालून वर वाचायचं. १०७४ म्हणजे कोणीतरी शट डाऊन किंवा रिस्टार्ट करायला सांगितलं, कुठल्या प्रोग्रामने ते पण लिहिलेलं असतं. ४२ म्हणजे मशीन झोपायला गेलं. १, ज्याच्या सोर्समध्ये पॉवर ट्रबलशूटर लिहिलंय तोच फक्त, म्हणजे उठलं, आणि आत वेक सोर्स म्हणून पॉवर बटन, टायमर, नेटवर्क कार्ड असं काहीतरी असतं, कधी अननोन. ४१ म्हणजे मागच्या वेळी नीट बंद न होता धाडकन गेलं. आणि २७, सोर्स कर्नल-बूट, हा आपल्या कामाचा: त्यात बूट टाइप दिलेला असतो, शून्य असेल तर पूर्ण बंद होऊन नव्याने चालू, १ असेल तर फास्ट स्टार्टअपमधून, २ असेल तर हायबरनेटमधून. म्हणजे समजा रात्री साडेअकराला १०७४ आहे आणि सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी २७ आहे ज्यात टाइप शून्य, आणि त्याच वेळी तुम्ही भिंतीवरचं बटण दाबून चहा टाकायला गेला होतात, तर झालं, मशीन पूर्ण बंद होतं आणि एसीच्या सिग्नलने उठलं, परत बायोसकडे.

वेक सोर्समध्ये टायमर दिसला तर पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये स्लीपखाली अलाऊ वेक टायमर्स आहे, तिथे बॅटरी आणि प्लग्ड इन अशा दोन वेगळ्या ओळी असतात. प्लग्ड इनवाली एनेबल्ड असते म्हणूनच चार्जर लावल्यावरच त्रास होतो. डिसेबल करा. नेटवर्क कार्डचं नाव आलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅब, अलाऊ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर, टिक काढा. वायरलेस माऊसचंही तेच, टेबल हलला तरी माऊस मशीन उठवतो.

लिनक्सवाल्यांना फार सांगायला नको, जर्नलसीटीएलने बूटची यादी काढा आणि प्रोक-एसीपीआयमधली वेकअप फाइल वाचा.

ईसी रीसेट आणि बायोसची बॅटरी

सेटिंग डिसेबल्ड आहे, तरी चार्जर लावला की लोगो येतोच. आता त्या जाग्या असलेल्या चिपला एकदा झोपवून उठवायचं. मशीन बंद करा, चार्जर काढा, बाकीचंही सगळं काढा, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर काढा. मग पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा. आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेला करंट त्यात निघून जातो. मधे मशीन चालू झालं तरी बटण सोडू नका. थिंकपॅडच्या पुष्कळ मॉडेलमध्ये पाठीमागे टाचणी जाईल एवढं भोक असतं, बाजूला छोटं चिन्ह, त्यात पेपरक्लिप सरळ करून हलकेच दाबायची, तिथे हाच रीसेट होतो. त्यानंतर चार्जर लावून बटणाने चालू करा, एकदा विंडोजपर्यंत जाऊ द्या, शिफ्ट धरून शट डाऊन करा आणि पहिली टेस्ट परत करा. रीसेटनंतर चार्जर लावल्यावर पहिल्यांदा मशीन स्वतः चालू झालं तर घाबरू नका, सगळी पॉवर गेल्यावर परत आली की काही लॅपटॉप एकदा असं करतात, दुसऱ्या वेळी काय होतं ते महत्त्वाचं.

याच कारणाने जुन्या लॅपटॉपमध्ये बायोसची बॅटरी बघावी लागते. नाण्याएवढा सेल असतो, बहुधा सीआर२०३२, तीन व्होल्टचा, लॅपटॉपमध्ये तो वायर लावून काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला येतो. तो उतरला, वर मुख्य बॅटरी पण धरत नाहीये, की चार्जर काढल्या काढल्या मशीनची आठवण पुसली जाते आणि दर वेळी चार्जर म्हणजे त्याच्यासाठी नवा जन्म. ओळखायची खूण सोपी: इंटरनेट नसताना चालू करा आणि तारीख बघा. काही वर्षं मागे गेलेली असेल किंवा तुम्ही बदललेली बायोसची सेटिंग परत जुनी दिसत असेल तर सेल गेला. सेल स्वस्त असतो, वायरवाला घ्या आणि पिनचा आकार जुना दाखवूनच घ्या. हल्लीच्या काही पातळ लॅपटॉपमध्ये हा सेल नसतोच, मुख्य बॅटरीवरच भागवलेलं असतं.

बटण, पिन, झाकण, पाणी

पॉवर बटण अडकलंय का बघा. दाबून सोडल्यावर टक असा आवाज येऊन वर येतंय का, का एका बाजूला तिरकं बसतंय. बटण आत दाबलेल्या अवस्थेत चिकटलं असेल तर बॅटरीवर मशीन पुरेसं दाबून धरल्यामुळे बंद पडतं आणि चार्जर लागला की ईसी बटण दाबलेलंच बघते. चालू-बंद-चालू असं चक्र त्यातूनही होतं. कडेने तेल-चहा-बिस्किटाचा चुरा गेला असेल तर मशीन बंद ठेवून मऊ ब्रशने साफ करा, डब्ल्यूडी-४० वगैरे बिलकुल मारू नका.

चार्जरची पिन हलकीशी हलवली की चार्जिंगचा दिवा लुकलुकतो का? मग प्रत्येक लुकलुक म्हणजे चार्जर काढून परत लावल्यासारखंच, आणि वेक ऑन एसी चालू असेल तर प्रत्येक वेळी एक धक्का. सॉकेट बदलणं हे छोटं काम आहे, पुष्कळ मॉडेलमध्ये जॅक वायरवर वेगळा येतो, बोर्डाला सोल्डरिंग पण लागत नाही. टाइप-सीचं पोर्ट मात्र बोर्डावरच असतं, ते थोडं खर्चिक. दुसऱ्याचा चार्जर लावून बघा, पण तेवढ्याच व्होल्टचा आणि निदान तेवढ्या वॉटचा. टाइप-सीवर मोबाइलचा छोटा चार्जर किंवा पॉवर बँक लावली तर ती तुटक-तुटक चार्ज करते, त्यानेही हेच होतं, आणि पॉवर बँक लावून लॅपटॉप बॅगेत कोंबला असेल तर आत चालू होऊन भट्टीसारखा तापतो. ते टाळाच.

झाकण बंद आहे हे लॅपटॉपला चुंबकाने कळतं, झाकणात चुंबक आणि खाली ते ओळखणारा हॉल सेन्सर. बंद लॅपटॉपवर चुंबकवालं मोबाइल कव्हर, टॅबलेटचं कव्हर किंवा दुसरा लॅपटॉप ठेवलेला असेल तर सेन्सर गोंधळतो. उचलून बाजूला ठेवा आणि बघा.

पाणी, चहा, किंवा कोकणातला पावसाळा. काही सांडलं असेल आणि त्यानंतर हे सुरू झालं असेल तर वर सांगितलेलं काहीही करू नका, चार्जर काढा आणि दुकान गाठा. बोर्डावर हिरवा-पांढरा गंज चढून बटणाच्या लाइनवर गळती होते, आणि चार्जरचे १९-२० व्होल्ट त्या बोर्डावर येऊ देणं म्हणजे छोटं नुकसान मोठं करणं.

मॅकबुक असेल तर

२०१६ च्या शेवटी आलेल्या मॅकबुक प्रोपासून ॲपलने हे मुद्दामच केलंय, झाकण उघडलं किंवा चार्जर लावला की मॅक चालू. बिघाड नाही. एम१ आणि पुढच्या ॲपल चिपवाल्या मॅकवर, मॅकओएस सिकोया किंवा नंतरचं असेल तर, हे बंद करता येतं. टर्मिनल उघडून कमांड द्यायची, इंग्रजीत: सुडो, स्पेस, एनव्हीरॅम, स्पेस, बूटप्रेफरन्स जोडून, त्यातलं बी आणि पी कॅपिटल, मग मधे कुठेही जागा न सोडता बरोबरचं चिन्ह, टक्क्याचं चिन्ह आणि ०२. त्याने चार्जर लावल्यावर चालू होणं थांबतं. ०१ दिलं तर झाकण उघडल्यावर थांबतं, ०० दिलं तर दोन्ही. पासवर्ड टाकताना अक्षरं दिसत नाहीत, टाइप करून एंटर मारा. परत पूर्वीसारखं हवं असेल तर एनव्हीरॅमनंतर डॅश-डी आणि बूटप्रेफरन्स. एवढं करूनही कीबोर्डचं कुठलंही बटण दाबलं की मॅक चालू होतोच, कीबोर्ड पुसायला गेलेल्यांचा वैताग यातून काही कमी होत नाही.

दुकानात जाताना

"आपोआप चालू होतो" एवढंच सांगू नका. शिफ्ट धरून पूर्ण बंद केला होता, चार्जर लावल्यावर इतक्या सेकंदांनी लोगो आला, बायोसमध्ये वेक ऑन एसी डिसेबल्ड आहे, ईसी रीसेट झालाय, दुसऱ्या चार्जरनेही तेच, हे क्रमाने सांगा आणि जमल्यास मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, कारण दुकानात नेमका तो शहाण्यासारखा वागतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, समोरच्याला तुम्ही काय तपासलंय ते कळलं की बोलणं सरळ पॉवर बटणाच्या लाइनवर आणि ईसीवर येतं. पूर्ण बोर्ड बदलायचं म्हणाले तर चिप लेव्हल रिपेअर, म्हणजे बोर्डावरचा नुसता बिघडलेला भाग बदलणं, होतं का विचारा, डेटाचा बॅकअप आधी घ्या, आणि जुना पार्ट परत मागा. वॉरंटीत असेल तर उघडायचंच नाही, कंपनीचं सर्व्हिस सेंटर. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर बायोसला बहुधा पासवर्ड असतो, आयटीला तिकीट टाका, तुमचा काही इलाज नाही.

तोपर्यंत चालवून न्यायचं असेल, किंवा तुमच्या बायोसमध्ये पर्यायच नसेल, तर क्रम उलटा करा: आधी चार्जर लावा, मग शट डाऊन करा. चार्जर आधीपासून लागलेला असतो त्यामुळे नव्याने लागल्याचा सिग्नल जातच नाही आणि मशीन बंदच राहतं, लाइट मधेच गेली नाही तर.